रद्दी कोणी ठरवायची?

‘जुने ते सोने’ ही म्हण ज्याच्या तोंडून प्रथम निघाली त्याने जुनी पुस्तके टपालाने मागवलेली नसणार. आणि ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणणाऱ्याला नव्या आवृत्त्यांच्या जाहिराती वाचाव्या लागलेल्या नसणार. या दोन म्हणी एकमेकांच्या तोंडावर फेकून आपल्याकडे पुष्कळ वाद मिटवले जातात. मिटवले जातात म्हणजे गाडले जातात. माझा आजचा वाद वरवर पाहता अगदी पोरकट आहे. एका परदेशी खेळाच्या, तीस-चाळीस वर्षांपूर्वी छापलेल्या पुरवण्या आज पैसे मोजून घ्याव्यात की नाही? पण हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला ओळखीच्या इतक्या आईबापांनी विचारला आहे, आणि विचारताना पोराच्या हातातल्या कुरियरच्या पाकिटाकडे असे काही पाहिले आहे, की एकदा सविस्तर लिहून टाकलेले बरे.

खेळ कोणता ते आधी सांगतो, कारण वाचकांपैकी निम्म्यांना तो ठाऊक नसणार. चार-पाच जण टेबलाभोवती, आमच्याकडे जाजमावर, बसतात. एक जण सूत्रधार. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचे: कोणी तलवारबाज, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, ‘समोर भुयार आहे, आतून धुराचा वास येतो आहे.’ खेळाडू सांगतात आम्ही काय करतो. ते जमले की फसले हे फासे ठरवतात, आणि फासेही साधे नव्हेत, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे. पट लागत नाही. हार-जीतही तशी नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे या प्रकारातले आद्यपीठ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ते १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहान गावातून प्रसिद्ध केले. तीन पुस्तिका, एक खोके, दहा डॉलर किंमत, पहिली छपाई एक हजार प्रतींची. कंपनीचे नाव टीएसआर. आणि पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘ग्रेहॉक’ ही पहिली पुरवणी आली. म्हणजे खेळ पुरता रांगायला लागण्याआधीच पुरवण्यांचा जन्म झाला. तेव्हापासून आजवर त्यांची रांग थांबलेली नाही.

आता वाद. एक पक्ष म्हणतो, नवी आवृत्ती आली की जुनी पुरवणी ही रद्दी. दुसरा म्हणतो, जुनी म्हणजेच अस्सल, वाटेल ती किंमत द्या. तिसरा पक्ष काहीच म्हणत नाही, तो कुठून तरी फुकटची स्कॅन केलेली प्रत उतरवून घेतो आणि कधीच वाचत नाही. माझे भांडण तिघांशीही आहे, पण सर्वांत जास्त पहिल्याशी. कारण त्याचे मत त्याचे स्वतःचे नाहीच. ते विक्रेत्याचे मत आहे, आणि हा गडी ते फुकटात वाहून नेतो आहे.

आवृत्त्यांचा हिशेब पाहा. १९८९ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खेळाची दुसरी आवृत्ती आली. १९९७ मध्ये टीएसआर डबघाईला येऊन ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली; २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. २००३ मध्ये, अवघ्या तीन वर्षांत, तिसरीला डागडुजी करून ‘साडेतिसरी’ काढली. २००८ मध्ये चौथी, २०१४ मध्ये पाचवी, २०२४ मध्ये पाचवीचीच सुधारलेली पुस्तके. प्रत्येक वेळी ग्राहकाला हेच सांगितले गेले की तुमच्याकडचे आता जुने झाले. २००१ मध्ये तलवारबाजांसाठी ज्याने ‘स्वॉर्ड अँड फिस्ट’ घेतले, त्याच्यासमोर २००३ मध्ये ‘कम्प्लीट वॉरियर’ ठेवले गेले. विषय तोच, ग्राहक तोच, पुस्तक मात्र पुन्हा घ्यायचे. शाळेची क्रमिक पुस्तके दर काही वर्षांनी धडे मागेपुढे करून बदलतात आणि थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्याला चालत नाही, हा अनुभव ज्या घरांनी घेतला आहे त्यांना ही युक्ती जास्त समजावून सांगायला नको.

पण ही युक्ती कोणत्या पुरवणीवर चालते आणि कोणत्या पुरवणीवर चालत नाही, हे पाहणे हाच खरा मुद्दा. पुरवण्यांच्या दोन जाती आहेत. एक नियमांची, दुसरी जागांची आणि माणसांची. नियमांची पुरवणी म्हणजे चौदा नवे मंत्र, नऊ नव्या तलवारी, चोराला आणखी चार कौशल्ये. ती ज्या आवृत्तीवर चिकटवली त्या आवृत्तीबरोबरच मरते, आणि मेली तर हळहळण्याचे कारण नाही. १९८५ चे ‘अनअर्थ्ड आर्काना’ घ्या. कंपनीला पैशांची निकड होती, गायगॅक्सने मासिकातले आपले जुने लेख एकत्र केले, आणि पुस्तक इतक्या चुकांसह बाहेर पडले की मागाहून शुद्धिपत्र काढावे लागले. ते आज कोणी मला चहाच्या किमतीत देऊ केले तर मी चहा पिईन. १९८९ पासून निघालेली ‘कम्प्लीट’ मालिका – योद्ध्यांचे एक, चोरांचे एक, पुरोहितांचे एक – यांतली बहुतेक पुस्तकेही याच मापाची. या जातीपुरते पहिल्या पक्षाचे म्हणणे मला मान्य आहे. रद्दीवाल्याला बोलवा.

दुसऱ्या जातीची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे आणि मी त्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागातल्या वाचकाला त्यात आपले काहीतरी दिसेल. पुस्तिकेचे नाव ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. आपण ‘सीमेवरची गढी’ म्हणू. गायगॅक्सने ती १९७९-८० च्या सुमारास लिहिली आणि नवशिक्यांच्या पेटीतच ती घालून मिळत असे, त्यामुळे तिच्या प्रती अमाप छापल्या गेल्या. एका बाजूला गढी. दुसऱ्या बाजूला दरीत गुहा, त्यांत ऑर्क, गॉब्लिन वगैरे राक्षसांच्या टोळ्या शेजारी-शेजारी राहतात आणि आपापसांत भांडतात. त्यांना झुंजवून द्यावे की सगळ्यांशी लढावे हे खेळाडूंनी ठरवायचे.

पुस्तिकेत एक चमत्कारिक गोष्ट आहे. गढीत किल्लेदार आहे, पुजारी आहे, सराफ आहे, खाणावळवाला आहे, पहारेकरी आहेत. प्रत्येकाजवळ किती नाणी आहेत, कोणते शस्त्र आहे हे लिहिले आहे. कोणालाही नाव नाही. नाव सूत्रधाराने द्यायचे. टीकाकार याला आळस म्हणतात. असेलही. पण आमच्या जाजमावर काय झाले ते सांगतो. भाचा सूत्रधार, खेळाडूंत दोघे मराठी घरातले, दोघे कन्नड घरातले. पहिल्याच दिवशी किल्लेदाराचे नाव शिवलिंगप्पा देसाई पडले. खाणावळवाल्याच्या जागी गंगूमावशी आली आणि ती उधारी ठेवत नाही हे दोन्ही भाषांत जाहीर झाले. सराफाचे नाव ठेवण्यावरून तर वीस मिनिटे भांडण झाले, कारण प्रत्येकाला आपापल्या गल्लीतला सराफ हवा होता. अमेरिकन माणसाने रिकामी सोडलेली ती गढी अर्ध्या तासात आमच्या मुलखातली झाली. नव्या पुस्तकांत ही सोय नाही. तिथे खाणावळवाल्याला नाव, आडनाव, बालपणीचे दुःख आणि रंगीत चित्र असते. एवढे सगळे आल्यावर गंगूमावशीने शिरायचे कुठून?

त्याच पुस्तिकेत अफवांचा एक तक्ता आहे. खेळ सुरू होताना फासे टाकून प्रत्येकाला एखादी अफवा सांगायची. काही खऱ्या, काही साफ खोट्या. एक खोटी अफवा अशी की ‘ब्री-यार्क’ म्हणजे गॉब्लिनांच्या भाषेत ‘शरण आलो’. प्रत्यक्षात ती त्यांची मदतीला धावा अशा अर्थाची आरोळी. खेळाडू बिचारे ‘शरण आले, शरण आले’ म्हणून तलवार खाली करतात आणि गुहेतून आणखी दहा जण धावून येतात. शेजाऱ्याची भाषा न शिकता ऐकीव अर्थावर विसंबणाऱ्यांचे काय होते हे सांगायला सीमाभागात कुणा अमेरिकन लेखकाची गरज नव्हती, पण त्या दिवशी कन्नड घरातला एक मुलगा जे हसला ते हसणे मी विसरणार नाही. त्याच्या खेळगड्याने मागच्याच आठवड्यात बसमध्ये कंडक्टरला असाच काहीतरी ऐकीव शब्द वापरला होता.

त्याच पेटीत याआधी दिली जाणारी माइक कार यांची पुस्तिका, ‘इन सर्च ऑफ द अननोन’, आणखी एक पाऊल पुढे गेलेली. भुयाराचा नकाशा दिला आहे, खोल्यांची वर्णने दिली आहेत. पण खोलीत कोणता प्राणी आणि कोणता खजिना, त्याच्या पुढे छापील रेघ आणि रिकामी जागा. मागे याद्या दिल्या आहेत, त्यांतून निवडून सूत्रधाराने पेन्सिलीने भरायचे. शिकवण्याची याहून सरळ रीत मला ठाऊक नाही. पाटीवर अर्धे वाक्य लिहून उरलेले मुलाकडून लिहवून घेणारे गुरुजी जुन्या पिढीने पाहिले आहेत.

भाचा इथे आक्षेप घेतो. ‘मामा, जुन्या पुस्तकातले आकडे नव्या नियमांत बसत नाहीत.’ बसत नाहीत हे खरे. जुन्या खेळात चिलखताचा आकडा जितका लहान तितके संरक्षण जास्त असे. २००० पासून ते उलटे झाले, मोठा आकडा चांगला. म्हणून जुना आकडा वीसातून वजा करायचा. नवशिक्यांच्या पेटीतला असेल तर एकोणीसातून. हे चौथीच्या मुलाचे गणित आहे. शत्रू जरा जड वाटला तर त्याची ताकद कमी करा, हलका वाटला तर दोन शत्रू जास्त ठेवा. ज्याला एवढेही करायचे नाही त्याच्यासाठी जुनेच नियम नीट मांडून पुन्हा छापलेली पुस्तके २००६ च्या ‘ओस्रिक’पासून निघत आली आहेत. आकड्यांची सबब पुढे करणारे लोक जागांच्या आणि माणसांच्या पुस्तकाला नियमांच्या पुस्तकाची फूटपट्टी लावतात.

तरीही जुने म्हणजे सगळे ‘गढी’सारखे, असा माझा दावा नाही. १९८४ पासून निघालेली ‘ड्रॅगनलान्स’ची पुस्तके घ्या. टीएसआरची मोठी यशस्वी मालिका, तिच्यावर मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्या लाखांनी खपल्या. पण खेळ म्हणून पाहाल तर नायक आधीच ठरलेले, कथा आधीच ठरलेली. महत्त्वाचे पात्र मेले तर त्याचे प्रेत सापडू देऊ नका, म्हणजे पुढच्या भागात त्याला परत आणता येईल, अशी सूचनाच सूत्रधाराला दिलेली. अहो, मग फासे कशाला टाकायचे? नाटकाच्या तालमीला फासे लागत नाहीत. शिवाय चौकटीत छापलेले लांबलचक परिच्छेद सूत्रधाराने मोठ्याने वाचून दाखवायचे असतात. इंग्रजीतला तो अलंकारिक परिच्छेद भाचा वाचू लागला की जाजमावरची अर्धी मुले जांभया देतात. मग त्याला जागच्या जागी मराठी करावे लागते, त्याचे दुसरा कन्नड करतो, तोवर राक्षस कंटाळून निघून गेलेला असतो. दोन-तीन ओळींची कोरडी टीप मात्र तो आपल्या शब्दांत सहज रंगवतो. दुभाषी घरासाठी पुरवणी निवडताना ही कसोटी मी सर्वांत वर ठेवीन: पुस्तक सूत्रधाराला बोलू देते की स्वतःच बोलत राहते?

आणखी एक जोडी समोरासमोर ठेवतो. १९८० मध्ये टीएसआरने ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ काढले, जेम्स वॉर्ड आणि रॉबर्ट कुंट्झ यांचे. त्यात जगभरचे देव तक्त्यांत बसवले आहेत, आपलेही: इंद्र, अग्नी, वरुण, यम, काली, लक्ष्मी. प्रत्येकाच्या पुढे चिलखताचा आकडा आणि तो किती घाव सोसून मरेल त्याचा आकडा. हे पाहून आमच्याकडच्या एका आजींनी विचारले, ‘यमाला मारून पुढे काय करणार?’ यापेक्षा चांगले परीक्षण त्या पुस्तकावर कोणी लिहिले नसेल. मला त्यात पाखंड वगैरे दिसले नाही. मला दिसले ते फक्त दारिद्र्य. शेकडो देव, आणि एकाचीही पूजा कशी होते, त्याचा उपास कोण करतो, त्याच्या जत्रेला कोण येते आणि कोणाला येऊ देत नाहीत, याचा पत्ता नाही.

आणि त्याच्या एक वर्ष आधी, १९७९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या केओसियम या दुसऱ्या प्रकाशनाने ‘रूनक्वेस्ट’ या खेळासाठी ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ काढले होते. लेखक स्टीव्ह पेरिन आणि ग्रेग स्टॅफर्ड. त्यातले देव पूर्ण काल्पनिक, पण त्यांचे भक्त किती ओळखीचे! कोणत्या पंथात शिरायला काय करावे लागते, उत्पन्नाचा किती भाग देवळाला द्यायचा, कोणाशी वैर, कोणाशी सोयरीक, हे सगळे त्यात आहे. आणि पानापानांमधून बितुरियन वरोश नावाच्या एका व्यापाऱ्याचे प्रवासवर्णन चालू राहते. तो मुलखातून फिरतो, माल विकतो, आणि वाटेत प्रत्येक पंथाची माणसे त्याला जशी भेटतात तशी आपल्याला भेटतात. एक पुस्तक देव मोजते, दुसरे देवाची माणसे दाखवते. जवळपास एकाच वेळी, एकाच देशात निघालेली ही दोन पुस्तके. वय सारखे, म्हणून किंमत सारखी? ‘जुने आहे म्हणून घ्या’ आणि ‘जुने आहे म्हणून घेऊ नका’ म्हणणाऱ्या दोघांनाही मी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून विचारतो.

आकडे म्हणजे वाईट असेही नाही. अवकाशप्रवासाच्या ‘ट्रॅव्हलर’ या १९७७ च्या खेळाची पहिली पुरवणी म्हणजे एक हजार एक पात्रांची यादी, नुसते आकडे. संगणक घरोघरी नव्हते तेव्हा ती उपयोगी पडली असेल. आज ते काम यंत्र चुटकीसरशी करते. त्याच खेळाची तिसरी पुरवणी, १९७९ ची ‘द स्पिनवर्ड मार्चेस’, तीही बहुतांशी आकडेच. पण ते चारशेहून अधिक ग्रहांचे आकडे. एकेका ग्रहाला एकच ओळ: हवा कशी, पाणी किती, लोकसंख्या किती, कायदा किती कडक. श्वास घेण्याजोगी हवा नाही आणि तरी कोट्यवधी लोक राहतात, असा ग्रह दिसला की मुले लगेच विचारतात, ‘का राहतात?’ त्या ‘का’साठी पुस्तक घ्यावे. पहिल्यात तो नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे, संग्राहकांकडे वळतो. यांच्याशी बोलताना मला नेहमी तिजोरीत ठेवलेल्या पैठणीची आठवण होते, जी नेसायला म्हणून कधीच बाहेर येत नाही. १९७४ च्या पहिल्या छपाईचे खोके आज हजारो डॉलरना जाते. ज्याच्याकडे आहेत त्याने द्यावेत, मला काय! पण या किमतींचा मजकुराशी संबंध किती ते पाहा. ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’च्या पहिल्या छपाईंत दुसऱ्या लेखकांच्या कथांतले दोन विभाग होते, हक्कांच्या भानगडीमुळे ते पुढे काढून टाकले, पाने १४४ वरून १२८ झाली. त्या सोळा पानांसाठी लोक आजही जास्त पैसे मोजतात. १९८१ मध्ये जीन वेल्स यांची ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ छापून आली आणि त्यातल्या काही चित्रांमुळे कंपनीने ती तडकाफडकी मागे घेऊन प्रती नष्ट केल्या. नंतर टॉम मोल्डवे यांनी फेरलेखन केलेली बाजारात आली. वाचलेल्या नारिंगी मुखपृष्ठाच्या प्रती म्हणजे संग्राहकांची कोहिनूर. तोच मजकूर पुढे विझर्ड्सने स्वतःच आपल्या संकेतस्थळावर फुकट दिला होता. तरी नारिंगी प्रतीचा भाव उतरला नाही. म्हणजे विकला जात होता तो दुर्मीळपणा. खेळणाऱ्या घराने या बाजारात पाऊलसुद्धा टाकू नये.

फुकट्या पक्षाला मात्र मी एक गोष्ट मान्य करतो. विकत घेऊनही पुस्तक आपले होत नाही, ही त्यांची तक्रार पोकळ नाही. एप्रिल २००९ मध्ये विझर्ड्सने बेकायदा प्रती वाटणाऱ्या आठ जणांवर दावे लावले आणि त्याच दमात आपल्या सगळ्या पुस्तकांची पीडीएफ विक्री बंद केली. जुन्या पुरवण्याही गेल्या. ज्यांनी रीतसर पैसे भरले होते त्यांनाही विक्रेत्याकडून ती पुन्हा उतरवून घेता येईना. चोरांवर राग काढला आणि दार सावाच्या तोंडावर लावले. जानेवारी २०१३ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली, आज ‘गढी’ पाच डॉलरच्या आसपास पीडीएफ रूपात मिळते, आणि पुष्कळ जुनी पुस्तके मागणीनुसार छापूनही मिळतात. पण मधली जवळजवळ चार वर्षे कोणी भरून दिली? म्हणून माझे म्हणणे फुकट घ्या असे नाही. लिहिणाऱ्याला, छापणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत. माझे म्हणणे, पैसे द्या आणि त्याच संध्याकाळी ती फाइल आपल्या डिस्कवर उतरवा, लागणारी पाने झेरॉक्सवाल्याकडे छापून स्पायरल बाइंडिंग करा. कपाटातली प्रत कोणाला माघारी बोलावता येत नाही.

जुन्यात घाणही आहे, ती लपवून शिफारस करणे अप्रामाणिकपणा होईल. १९८५ च्या ‘ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स’ने चीन, जपान आणि आसपासचे देश एका पोत्यात कोंबले, २०२० मध्ये कंपनीने अशा जुन्या पुस्तकांच्या विक्रीपानावर, यात पूर्वग्रह असू शकतात, अशी सूचना लावली. सूचना लावली हे ठीक झाले, पुस्तक काढून टाकले नाही हेही ठीक झाले. त्याहून अवघड प्रकरण एम. ए. आर. बार्कर यांचे. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवणारे, उर्दूची पाठ्यपुस्तके लिहिणारे हे प्राध्यापक. त्यांच्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’मध्ये, १९७५ च्या, मध्ययुगीन युरोपाची छाया नाही, भारत, मध्य अमेरिका, अरबस्तान यांच्या आठवणींतून उभे केलेले जग आहे, त्याला स्वतःच्या लिपी आणि व्याकरणे आहेत. भाषाप्रेमी माणसाला वेड लावील असे काम. आणि २०२२ मध्ये त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच कबूल केले की १९९१ मध्ये टोपणनावाने निघालेली एक नाझीवादी कादंबरी याच गृहस्थांची. ते २०१२ मध्येच वारले होते, जाब विचारायची सोय उरली नव्हती. मी माझी प्रत फेकली नाही. पण आता ती मुलांच्या हातात देताना ही हकिगत आधी सांगतो आणि मगच देतो.

आणि जिथे नवे खरोखर चांगले आहे तिथे नवेच घ्या, हेही स्पष्ट सांगतो. केओसियमच्या ‘कॉल ऑफ कथुलू’साठी १९८४ मध्ये लॅरी डिटिलिओ आणि लिन विलिस यांनी ‘मास्क्स ऑफ न्यारलाथोटेप’ लिहिले. १९२५ सालातली कथा, न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय असा प्रवास, आणि खेळाडूंच्या हातात द्यायला वर्तमानपत्रांची कात्रणे, चिठ्ठ्या, शांघायच्या एका दारूच्या गुत्त्याची काडेपेटीसुद्धा. माझ्या मते या साऱ्या खेळप्रकारातली ही सर्वांत मोठी पुरवणी. तिची २०१८ ची आवृत्ती सहाशेवर पानांची आहे, सूत्रधाराला अधिक मदत करते, जुन्या आवृत्तीतली आफ्रिकी आणि आशियाई माणसांची ओबडधोबड चित्रणे तिने सावरली आहेत. ती घ्या. पण कपाटात जुनी असेल तर ती विकू नका. या खेळाचे नियम चाळीस वर्षांत इतके थोडे बदलले आहेत की जुन्या पात्राचे मुख्य आकडे पाचाने गुणले की २०१४ च्या सातव्या आवृत्तीत ते बहुतेक बसून जाते. आवृत्त्या काढूनही जुन्या ग्राहकाला उघडे न पाडणारे प्रकाशक असतात, याचा हा पुरावा. मग ‘धंदा म्हटला की असेच चालायचे’ हा युक्तिवाद कोणी करू नये.

आईबापांनी पाकिटाकडे पाहून विचारलेला प्रश्न राहिलाच. परदेशातून कागदी प्रत मागवली तर टपाल आणि जकात मिळून कित्येकदा पुस्तकाहून जास्त जाते, हे लक्षात ठेवून आधी पाच डॉलरची फाइल घ्यावी. ती खेळून झाली, पुन्हा खेळावीशी वाटली, तरच कागद मागवावा. मागवताना विक्रेत्याचे वर्णन नीट वाचावे आणि संग्राहकाला नको असलेलीच प्रत शोधावी. मी ‘इन सर्च ऑफ द अननोन’ तशीच मिळवली. कोपरे दुमडलेले, मुखपृष्ठावर कपाचा गोल डाग, आणि वर्णनात दोष म्हणून नोंदवलेले: आत पेन्सिलीने लिहिलेले आहे. किंमत त्यामुळे निम्म्याने उतरली होती. आत पाहिले तर कोणा पोराने रिकाम्या रेघांवर बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात एकेक प्राणी नेमून दिला होता, एका खोलीपुढे दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले होते, आणि मधल्याच एका खोलीपासून पुढच्या सगळ्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या. भाचा त्या खोलीपासून पुढे भरतो आहे, मराठीत.